मनोवैद्यांचा अमृतमहोत्सव आणि सुप्याची वाट

संस्थांचे महोत्सव साजरे होऊं लागले म्हणजे एक गोष्ट नेहमीं दृष्टीस पडते. ज्या कार्यासाठीं संस्था निघाली त्या कार्याचा इतिहास बाजूस राहून तिच्या कचेरीचा इतिहास लिहिला जातो. अध्यक्ष कोण झाले, अधिवेशन कोणत्या शहरीं भरलें, घटनेंत दुरुस्ती केव्हां झाली, पदक कोणाच्या नांवें ठेवलें, ही सर्व माहिती मोठ्या निष्ठेनें दिलेली असते. पण शाळेच्या स्मरणिकेंत जसा नापास झालेला मुलगा सांपडत नाहीं, तसा वैद्यांच्या संस्थेच्या इतिहासांत रोगी सांपडत नाहीं. भारतांतील मनोवैद्यांची मध्यवर्ती संस्था जी ‘इंडियन सायकिॲट्रिक सोसायटी’, तिला जानेवारी २०२२ मध्यें पाऊणशें वर्षें पूर्ण झालीं. तिच्याविषयीं इंग्रजींत जें लिहिलें गेलें आहे त्यांतील बराच भाग याच जातीचा आहे. तो जसाच्या तसा मराठींत उतरवून वाचकांपुढें ठेवण्यांत आम्हांस स्वारस्य वाटत नाहीं. या संस्थेच्या कार्याचें मोजमाप करावयाचें तर तें दिल्लीच्या किंवा मुंबईच्या सभागृहांत बसून न करतां एखाद्या साध्या गांवीं उभें राहून केलें पाहिजे, असें आमचें मत आहे. आणि त्यासाठीं आम्हीं पुणें जिल्ह्यांतील सुपें हें गांव निवडलें आहे.

सुपें हें बारामती तालुक्यांतील, चौफुल्याहून मोरगांवास जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. अष्टविनायकांच्या यात्रेस निघालेली पुष्कळ मंडळी त्यावरून जाते, थांबणारी थोडी. इतिहासांत मात्र हें गांव दोनदां ठळकपणें येतें. पहिल्या वेळीं तें शहाजीराजांच्या जहागिरींतील ठाणें म्हणून येतें, आणि सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्या हातून तें शिवाजीमहाराजांनीं कसें काढून घेतलें ही हकीकत शाळेंतील मुलांसही ठाऊक असते. दुसऱ्या वेळीं तें १२ मे १८७५ रोजीं येतें. त्या दिवशीं बाजारास जमलेल्या कुणब्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल केली, कर्जरोखे व वह्या बाहेर काढल्या आणि त्यांची होळी केली. त्यांचा राग माणसांहून कागदांवर अधिक होता. पुढें तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरलें, सरकारनें चौकशीमंडळ नेमलें, आणि १८७९ मध्यें शेतकऱ्यांस कर्जाच्या बाबतींत संरक्षण देणारा कायदा झाला.

त्या चौकशींत कर्जाचे आंकडे आले, व्याजाचे दर आले, जमिनी कोणाच्या कोणाकडे गेल्या तें आलें. परंतु तो रोखा ज्याच्या उशाशीं वर्षानुवर्षें होता त्याच्या झोपेचें काय झालें, तो एकाएकीं बोलेनासा कां झाला, त्याच्या बायकोच्या अंगांत कां येऊं लागलें, हें विचारणारें शास्त्र तेव्हां या देशांत जवळजवळ नव्हतेंच. त्या शास्त्राच्या वैद्यांनीं एकत्र येऊन स्वतंत्र संस्था काढावयास त्यानंतर बहात्तर वर्षें लागलीं.

वेड्यांचीं इस्पितळें मात्र होतीं. १८५८ च्या कायद्यानें त्यांची व्यवस्था लावून दिली होती. आजच्या महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर नागपूर, रत्नागिरी, ठाणें व येरवडा हीं चार मोठीं इस्पितळें इंग्रजी अमदानींतच उभीं राहिलीं, आणि सरकारी मनोरुग्णालयांत तींच आजही प्रमुख आहेत. लोकभाषेनें त्यांची नोंद आपल्या रीतीनें घेतली. ज्याची थट्टा करावयाची त्यास मुंबईकर ठाण्यास पाठवतो, पुणेकर येरवड्यास. आणि येरवड्यास मोठा तुरुंगही असल्यामुळें त्या थट्टेंतील शिक्षेचा अर्थ निराळा फोडून सांगावा लागत नाहीं. ही थट्टा निव्वळ अज्ञानांतून आलेली आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. १९१२ चा ‘लूनसी ॲक्ट’ पाहिला म्हणजे लोकांची समजूत कायद्यानेंच करून दिली होती हें दिसून येतें. त्या कायद्याप्रमाणें घरच्यांस रोग्याला इस्पितळांत ठेवून घेतां यावें म्हणून अर्ज करावा लागे तो मॅजिस्ट्रेटाकडे; सोबत दोन डॉक्टरांचे दाखले; आणि रस्त्यांत भटकणारा वेडा पकडून आणण्याचें काम पोलिसांचें. म्हणजे सुप्याच्या माणसास येरवड्याची पायरी चढावयाची असली तर वाटेंत त्यास आधीं कचेरी लागत असे. १९२० नंतर ‘असायलम’ ही पाटी काढून तेथें ‘मेंटल हॉस्पिटल’ अशी पाटी लावण्यांत आली. भिंती, कुलपें व पहारेकरी हे होते तेच राहिले.

या भिंतींच्या आंत काय होतें तें भोर समितीच्या १९४६ च्या अहवालांत नमूद आहे. रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनीं समितीसाठीं देशांतील इस्पितळें पाहिलीं, आणि त्यांपैकीं बहुसंख्य हीं उपचारासाठीं नसून अडकवून ठेवण्यासाठीं बांधलेलीं आहेत असा अभिप्राय दिला. सर्व देशांत मिळून अशा खाटा दहा हजारांच्या आसपास; म्हणजे सुमारें ४०,००० लोकांमागें एक. इंग्लंडांत तेव्हां हें प्रमाण सुमारें ३०० लोकांमागें एक असें होतें. खाटांच्या संख्येवरून शहाणपण मोजावें असें आम्ही म्हणत नाहीं. पुढें विलायतेनेंच त्या खाटा कमी करण्याचें धोरण धरलें. पण ४०,००० हा आंकडा पाहिला म्हणजे आपल्याकडचे बाकीचे रोगी कोठें होते हा प्रश्न पडतोच. ते घरांत होते. कोणी परसांत, कोणी माळ्यावर, कोणी देवळाच्या ओवरींत, कोणी दर्ग्याच्या आवारांत. आणि कांहीं साखळीला.

सोसायटी जन्मास आली ती याच भिंतींतून. तत्पूर्वीं १९२२ मध्यें कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस यांनीं मनोविश्लेषणाची भारतीय संस्था काढली होती. तिचें क्षेत्र निराळें व वर्तुळ लहान. इस्पितळांतील डॉक्टरांची संघटना म्हणजे विलायतेच्या रॉयल मेडिको-सायकॉलॉजिकल असोसिएशनची हिंदी शाखा. ती १९३९ मध्यें डॉ. बनारसी दास यांच्या खटपटीनें निघाली, आणि लागलीच महायुद्ध सुरू झाल्यामुळें तिच्या हातून विशेष कांहीं घडलें नाहीं. युद्ध संपल्यावर डॉ. नगेंद्रनाथ डे, मेजर आर. बी. डेव्हिस व डॉ. टी. ए. मन्रो यांनीं स्वतंत्र संस्थेची कल्पना उचलून धरली, आणि ७ जानेवारी १९४७ रोजीं दिल्लीस सायन्स काँग्रेसच्या निमित्तानें जमलेल्या मंडळींत सोसायटीची स्थापना झाली. डे हे पहिले अध्यक्ष झाले. स्वातंत्र्य यावयास अद्याप सात महिने होते. तेवढ्यांत या मूठभर वैद्यांनीं आपल्यापुरती विलायतेची नाळ तोडली, हें त्यांस भूषणावह आहे. पण नाळ तुटली तरी अंगडें-टोपडें विलायतीच राहिलें. संस्थेचा कारभार इंग्रजी, अधिवेशनें इंग्रजी, आणि १९४९ मध्यें निघालेलें नियतकालिकही इंग्रजी. त्यालाच १९५८ पासून ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिॲट्री’ हें आजचें नांव आहे. अनेक भाषांच्या देशांत वैद्यांस एकमेकांशीं बोलावयास दुसरी भाषा नव्हती, हें आम्ही मान्य करतों. प्रश्न एवढाच कीं, वैद्यांनीं एकमेकांशीं बोलून झाल्यावर रोग्याशीं कोणत्या भाषेंत बोलावें याचा विचार संस्थेनें संस्था म्हणून कितपत केला? या प्रश्नाकडे आम्ही पुन्हा येऊं.

आधीं जमेची बाजू सांगितली पाहिजे, कारण ती लहान नाहीं. गेल्या शंभर वर्षांत या शास्त्रानें आपल्या देशांत केलेलें सर्वांत मोठें काम म्हणजे रोग्यास भिंतींतून बाहेर काढून साध्या दवाखान्यांत आणणें. याचा आरंभ सोसायटीच्या आधींच झाला होता. कलकत्त्यास १९३३ मध्यें बोस यांनीं व मुंबईस जे. जे. रुग्णालयांत १९३८ मध्यें डॉ. मसानी यांनीं सर्वसाधारण रुग्णालयाच्या आवारांत मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग उघडला. ज्या दरवाजानें पडशाचा रोगी आंत जातो त्याच दरवाजानें मनाचा रोगीही जातो, ही दिसावयास क्षुल्लक गोष्ट; पण लोकलज्जेच्या दृष्टीनें तिचें मोल कोणत्याही औषधाहून कमी नाहीं. पुढें मुंबईच्या के. ई. एम. मध्यें डॉ. एन. एस. वाहिया यांनीं हा विभाग नांवारूपास आणला, आणि पातंजल योगांतील कांहीं कल्पना उपचारांत वापरून पाहण्याचें धाडस केलें. त्या प्रयोगांचें मूल्य तज्ज्ञांनीं ठरवावें. परंतु आपल्याकडील जुन्या विचारांत रोग्यास उपयोगी पडेल असें कांहीं आहे काय, हा प्रश्न एका मोठ्या रुग्णालयाच्या वैद्यास पडावा, हेंच आम्हांस लक्षणीय वाटतें.

याहूनही आमच्या मनांत भरलेलें नांव पंजाबांतलें आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत रोग्यांच्या नातेवाइकांस इस्पितळाच्या आवारांत तंबू ठोकून राहावयास सांगितलें. विलायतेचीं पुस्तकें रोग्यास घरापासून वेगळें काढावयास सांगत होतीं, त्या वेळीं या गृहस्थांनीं घरच इस्पितळांत बोलावून आणलें. आईनें भाकरी भाजावी, बापानें शेजारीं बसावें, दुसऱ्या घरांतील आजारी मुलगा सुधारलेला डोळ्यांनीं पाहावा, आणि परत जातांना आपल्या माणसाबरोबर त्या आजाराची समजूतही घेऊन जावी, अशी ही योजना. आपल्या देशांत मनोवैद्यकानें जें स्वतःचें म्हणून निर्माण केलें त्यांत आम्ही या तंबूंस पहिलें स्थान देऊं. महोत्सवी लेखांत त्यांचा उल्लेख असतो. पण तो ओळ-दोन ओळींत उरकलेला असतो. आमच्या हातीं असतें तर आम्हीं अध्यक्षांची यादी दोन ओळींत उरकली असती.

त्याच दशकांत क्लोरप्रोमॅझीनादि औषधें आलीं आणि जे रोगी पूर्वीं आयुष्यभर कोंडले जात, त्यांपैकीं अनेकांस घरीं राहणें शक्य झालें. १९८२ मध्यें राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम ठरला, बळ्ळारी जिल्ह्यांत त्याचा नमुना करून पाहिला गेला, आणि १९९६ पासून तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेण्यास आरंभ झाला. हें सर्व कागदावर उत्तम आहे. कागदावरून तें चौफुल्याच्या पुढें किती आलें हें आतां पाहूं. त्याआधीं तो भाषेचा प्रश्न.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांस जुन्या ग्रंथांचा परिचय आहे त्यांस ठाऊक असेल कीं, ‘मनोविकार’ हा शब्द मराठींत पूर्वीं रोगवाचक नव्हता. राग, लोभ, प्रेम, मत्सर हे सर्व मनोविकारच. ज्याच्या ठायीं ते नाहींत तो एक संत तरी किंवा दगड तरी. आगरकरांनीं १८८३ मध्यें ‘हॅम्लेट’चें भाषांतर केलें त्याचें नांव ‘विकारविलसित’. वेडाचें सोंग घेणारा आणि सोंग घेतां घेतां खऱ्या वेडाच्या कडेवर येऊन उभा राहणारा असा तो राजपुत्र. आणि त्याच्या कथेस मराठींत दिलेलें नांव सांगतें कीं, हा तुमच्या-आमच्या विकारांचाच खेळ आहे. पुढें ‘मनोविकार’ म्हणजे आजार असा अर्थ रूढ झाला, आणि ज्या शब्दांत सर्व माणसें एकत्र होतीं त्यांतून थोडीं वेगळीं काढलीं गेलीं. शास्त्रास नेमका शब्द लागतो, त्यास आमची हरकत नाहीं. परंतु नवा अर्थ आल्यामुळें जुनें नातें तुटलें, हें ध्यानांत ठेवावयास पाहिजे.

लोकांची भाषा याहून कठोर आहे. ‘वेड पांघरून पेडगांवास जाणें’ ही म्हण सर्वांच्या तोंडीं आहे. हें पेडगांव भीमेच्या कांठीं, श्रीगोंदें तालुक्यांत. सुप्याहून फार दूर नव्हे. म्हणींतला वेडा हा वेडा नाहींच. घोंगडी पांघरावी तसें तो वेड पांघरतो, आणि कार्य साधल्यावर झटकून टाकतो. आमच्या या टापूंत एखादा तरुण कामावर जाईनासा झाला, आंघोळ सोडून बसला, किंवा भिंतीशीं बोलूं लागला, तर त्याच्यावर पहिला आरोप येतो तो या म्हणीचाच: सोंग करतो आहे. दुसरा आरोप बाहेरच्या बाधेचा. आजार ही कल्पना आली तर तिसऱ्या क्रमांकानें येते. दुसऱ्या आरोपाचा समाचार घेण्यासाठीं महाराष्ट्रांत डॉ. नरेंद्र दाभोळकरांनीं जन्मभर खटपट केली, त्यांचा खून झाल्यावर २०१३ मध्यें कायदाही झाला. पण भगतावर खटला भरतां आला तरी भगताची जागा रिकामी राहत नाहीं. तो निदान मध्यरात्रीं दार उघडतो, आणि रोग्याच्या आईला कळेल अशा मराठींत बोलतो. सोसायटीच्या वैद्यांस हें उणें दिसत असेल; आम्हांस तें त्यांच्या स्पर्धकाचें बळ दिसतें.

मराठींत या विषयावर जें लिहिलें, बोललें, दाखविलें गेलें, तें संस्थेनें नव्हे तर व्यक्तींनीं व कुटुंबांनीं केलें आहे. अनिल अवचटांनीं गर्दच्या व्यसनावर लिहिलें. त्यांतून, आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साह्यानें, डॉ. अनिता अवचट यांनीं १९८६ मध्यें ‘मुक्तांगण’ उभें केलें, तें येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारांत. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० पासून संस्था चालवून, ग्रंथ लिहून, या शास्त्रास मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत आणून बसविलें. कॅनडांत प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांच्या घरींच स्किझोफ्रेनियाचा आजार आला होता. त्यांनीं पुण्यांत या रोग्यांच्या कुटुंबांची संस्था काढली. त्यांच्या प्रेरणेनें सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनीं २००४ मध्यें ‘देवराई’ हा चित्रपट केला. त्यांत आजारी भावाचें काम अतुल कुलकर्णी यांनीं फार ताकदीनें केलें आहे, आणि प्रेक्षक बहुधा तेंच आठवतात. परंतु आमच्या मतें त्या कथेची नायिका ती बहीण आहे. आजारी माणसाचें घर कोणत्या तऱ्हेनें शिणतें, प्रेम करतां करतां कसें चिडतें, चिडल्याबद्दल कसें खजील होतें, हें तिच्या चेहऱ्यावर जितकें दिसतें तितकें कोणत्याही वैद्यकीय निबंधांत आम्हांस मिळालें नाहीं. चित्रपटांत दोष नाहींत असें नाहीं. डॉक्टर आला म्हणजे कथा थांबून व्याख्यान सुरू होतें. पण जेथें व्याख्यान देणारा दुसरा कोणी नव्हता तेथें चित्रपटानें तें दिलें, याचा दोष चित्रपटास कसा द्यावा?

याच मंडळींत रोग्यास ‘शुभार्थी’ व त्याची काळजी वाहणाऱ्यास ‘शुभंकर’ असे शब्द रूढ झाले. आमच्या जुन्या कानांस ते किंचित् गोड वाटतात. साखरेचा पाक थोडा जास्त झाला आहे. तरी ते ‘छिन्नमनस्कता’ या कोशांतल्या शब्दाहून शतपटीनें बरे. त्या शब्दानें मूळ ग्रीक शब्दाचे दोन तुकडे इमानानें मराठींत आणले, आणि त्याबरोबर एक गैरसमजही आणला. कारण छिन्न मन म्हटल्यावर लोकांस एकाच देहांत राहणारीं दोन माणसें आठवतात, आणि या आजाराचा तसल्या नाटकाशीं कांहीं संबंध नाहीं. परिभाषा करणाऱ्यानें एकदां तरी ती रोग्याच्या आईसमोर उच्चारून पाहिली पाहिजे.

सोसायटीचा आवाज मोठ्यानें ऐकूं आला तो कायद्यांच्या प्रसंगीं. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला. तो अमलांत यावयास १९९३ उजाडलें. पुढें २००१ च्या ऑगस्टांत तामिळनाडूंतील एरवाडी येथें एका खासगी आश्रयस्थानास आग लागली, आणि साखळीनें बांधून ठेवलेले पंचवीसांहून अधिक रोगी जागच्या जागीं जळून मेले. त्यानंतर सोळा वर्षांनीं, २०१७ मध्यें, नवा कायदा झाला. त्यानें रोग्यास साखळी घालण्यास मनाई केली, आपल्यावर कोणते उपचार व्हावे हें आधींच लिहून ठेवण्याचा अधिकार दिला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा हा तीव्र तणावाखालीं असतो असें गृहीत धरून त्यास शिक्षेपासून सोडविलें. सोसायटीनें या कायद्यांतील पुष्कळ कलमांवर टीका केली. सर्वसाधारण रुग्णालयांतील मनोविकार विभागांसही नोंदणीच्या जाळ्यांत ओढलें, कुटुंबाकडे संशयानें पाहिलें, कागदपत्रें वाढविलीं, असे तिचे आक्षेप होते. पहिला आक्षेप आम्हांस बिनतोड वाटतो, कारण पडशाच्या दरवाजाचें महत्त्व आम्हीं वर सांगितलेंच आहे. कुटुंबाविषयींचा आक्षेप मात्र अर्धाच खरा आहे. अमृतसरचे तंबू कुटुंबांनीं भरले होते. परसांतल्या साखळ्याही कुटुंबांनींच आणल्या होत्या. एका बाजूचेंच कुटुंब पाहून केलेला कायदा आणि एका बाजूचेंच कुटुंब पाहून केलेली टीका, दोन्ही लंगड्या.

एका बाबतींत सोसायटीनें आपल्या मागील पिढीचा हिशेब चुकता करण्यास आरंभ केला, त्याची नोंद केली पाहिजे. समलिंगी प्रेम हा आजार समजून त्यावर ‘उपचार’ करणारे वैद्य आपल्याकडेही होऊन गेले. अमेरिकेंतील मनोवैद्यांच्या संस्थेनें ही समजूत १९७३ मध्येंच सोडली. आमच्या सोसायटीनें, हा आजार नव्हे, असें जाहीरपणें ठासून सांगितलें तें २०१८ मध्यें. आणि त्याच वर्षीं ६ सप्टेंबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तशा संबंधांस गुन्हा ठरविणें रद्द केलें. पंचेचाळीस वर्षांचा उशीर झाला. तरी उशिरां बोललेलें खरें न बोललेल्याहून बरें. ज्यांच्यावर ते उपचार झाले त्यांचें काय, हें मात्र कोणत्याही महोत्सवांत विचारलें गेल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

आतां पुन्हा सुप्यास येऊं. २०१५-१६ मध्यें राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालें. त्यांत प्रौढ माणसांपैकीं शेंकडा १०.६ जणांस कोणता ना कोणता मनाचा आजार असल्याचें आढळलें, आणि त्यांपैकीं शेंकडा ऐंशींहून अधिक लोकांस कसलाच उपचार मिळत नव्हता. हें सर्वेक्षण बारा राज्यांत झालें. त्यांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हां सुप्याचा आंकडा आम्ही अंदाजानेंच काढावयाचा. २०१९ मध्यें सोसायटीच्याच नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या एका लेखाप्रमाणें देशांत एक लाख लोकांमागें मनोवैद्यांची संख्या पाऊण आहे. पाऊणशें वर्षांच्या संस्थेच्या पदरीं लाखामागें पाऊण वैद्य, हा योगायोग विनोदी वाटेल. परंतु बारामती-इंदापुराकडील गांवांत ज्याच्या घरीं प्रसंग आला आहे त्यास त्यांत हंसण्यासारखें कांहीं सांपडणार नाहीं. हे थोडे वैद्यही बव्हंशीं शहरांत.

पूर्वींपेक्षां वाट जवळची झाली आहे, हेंही खरें. बारामतीस २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. एके काळीं चौफुला, यवत, उरुळी, हडपसर असें करीत येरवडा गांठावें लागे, तशी सक्ती आतां उरली नाहीं. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें, आणि मराठींतही, सल्ला मिळूं लागला आहे. पण दूरध्वनी करावयास आधीं ‘हा आजार आहे’ हें घरांत कोणास तरी सुचावें लागतें. हें सुचविणारें माणूस वैद्यच असलें पाहिजे असें नाहीं. गोव्यांत १९९६ मध्यें निघालेल्या ‘संगाथ’ या संस्थेनें साध्या, शास्त्राची पदवी नसलेल्या माणसांस शिकवून सरकारी दवाखान्यांत रोग्यांशीं बोलावयास बसविलें, आणि त्याचा गुण येतो हें रीतसर पडताळून दाखविलें. पुढें विदर्भांतील खेड्यांतही तसेंच काम केलें. ज्या विदर्भांत शेतकऱ्याचें कर्ज व त्याची आत्महत्या यांची सांगड रोजच्या वर्तमानपत्रांत दिसे, तेथें हा प्रयोग व्हावा हें योग्यच. सुप्याच्या बाजारांत १८७५ मध्यें जळालेल्या कागदांशीं त्याचें नातें आहे. अर्धवट शिकलेल्यांच्या हातीं मन देणें धोक्याचें, ही वैद्यांची भीति अगदींच खोटी नव्हे. पण मन आज ज्यांच्या हातीं आहे ते अर्धवटही शिकलेले नाहींत. सोसायटीनें आपलें अधिवेशन एखादे वर्षीं लहान भरवावें, आणि वांचलेल्या पैशांत गांवच्या आशाताईंसाठीं प्रत्येक देशी भाषेंत एक चोपडें काढावें, असें आम्ही सुचवूं. त्यांत जड शब्द नसावे, आणि पहिल्याच पानावर पेडगांवच्या म्हणीचें उत्तर असावें.

आमच्या परिचयाची या भागांतील एक वृद्ध बाई आपल्या मुलास घेऊन अकरा वर्षें दरमहा एस. टी. नें पुण्यास जात असे. कोणीं विचारलें तर ती सांगे, ‘डोळे दाखवायला चाललोय.’ अकरा वर्षें मुलाचा चष्म्याचा नंबर ठरेना, तेव्हां विचारणारांनीं विचारणें सोडून दिलें. मुलगा बरा होता. शेळ्या राखी, कधीं हंसे, बोले थोडें. एके दिवशीं बाईनें प्लॅस्टिकच्या पिशवींत गुंडाळलेले सर्व कागद आमच्यापुढें ठेवले. गोळ्या ती रंगावरून ओळखीत असे, सकाळची पांढरी, रात्रीची पिवळी. कागद तिनें कोणास वाचावयास दिले नव्हते. सर्व इंग्रजी. वर रोगाचें नांव, खालीं औषधें, शेवटीं पुढच्या भेटीची तारीख. एकशें तीस-बत्तीस कागदांवर तेंच. आम्हीं नांव वाचून दाखविलें. तिला तें कळलें नाहीं. आम्हीं कोशांतला मराठी शब्द सांगितला. तोही कळला नाहीं. मग जमेल तसें समजावून सांगूं लागलों, तों आम्हांस मध्येंच थांबवून ती म्हणाली, ‘भाऊ, म्हंजी त्यो सोंग करीत न्हाई, आसं लिवलंय न्हवं त्यात?’

आम्ही म्हणालों, ‘होय, तसंच लिहिलंय.’

कागदांवर तसें कोठेंच लिहिलेलें नव्हतें.